दुसरे टिळक

गणेशोत्सवाच्या मांडवात टिळक हे नाव घेतले की लोकमान्यच डोळ्यांपुढे येतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याच काळात, त्याच रत्नागिरी जिल्ह्यात, त्याच चित्पावन समाजात आणखी एक टिळक जन्मले. त्यांनीही मराठी माणसाला एकत्र बसवून गायला लावले. फरक एवढाच की त्यांचा श्रोता वेगळा होता आणि देवळाचे दारही वेगळे होते. ते म्हणजे कविवर्य रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेच्या पुस्तकातली ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता आपल्यापैकी अनेकांनी पाठ केली आहे. ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून त्यांची ओळखही आपल्याला आहे. परंतु महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये आज जे मराठीपण ऐकू येते, त्याचा फार मोठा वाटा या माणसाचा आहे, हे आपल्या लक्षात क्वचित येते.

डिसेंबरच्या शेवटी फतेगंजाच्या बाजूला गेले म्हणजे नाताळची गाणी कानावर पडतात. त्यांना इंग्रजीत कॅरोल म्हणतात. हा शब्द मुळात फेर धरून नाचताना म्हणायच्या गाण्याचा. एकाने कडवे म्हणायचे आणि सर्वांनी पालुपद उचलायचे, अशी त्याची जुनी रीत. आपल्या भोंडल्याच्या गाण्यांशी तिचे नाते कुणालाही ओळखता येईल. मधल्या काळात इंग्लंडमध्येही ही गाणी मागे पडली होती. १८७१ च्या सुमारास ब्रॅम्ली आणि स्टेनर या दोघांनी जुनी-नवी कॅरोल एकत्र करून छापली, आणि चार आवाजांत बांधलेली ही गाणी गावोगावच्या चर्चमध्ये पुन्हा रुजली. ट्रुरो येथे १८८० साली नऊ पाठ आणि कॅरोल अशी नाताळची उपासना सुरू झाली, १९१८ साली ती केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात आली आणि १९२८ पासून रेडिओवरून जगभर पोहोचली. ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन आल्यावर मोठमोठ्या गायकवृंदांच्या चांगल्या तबकड्या निघू लागल्या. त्याआधी ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यापुढे दाटीवाटीने उभे राहून गावे लागे आणि मोठ्या वृंदाचा आवाज त्यात नीट मावत नसे.

इंग्रजी भाषेत हे पुनरुज्जीवन चालू असताना मराठी ख्रिस्ती मंडळींपुढे एक निराळाच प्रश्न होता. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणे मांडले. त्यांच्याबरोबर इंग्रजी स्तोत्रे आणि त्यांच्या चालीही आल्या. चाल तीच ठेवून शब्द तेवढे मराठी करायचे, अशी पद्धत पडली. पण मराठी भाषा अशी सहजासहजी दुसऱ्याच्या अंगरख्यात बसत नाही. इंग्रजी स्तोत्राच्या ओळीत ठरावीक जागी आघात येतो आणि चाल त्या आघातावर उभी असते. मराठीत आघाताला तसे महत्त्व नाही, ऱ्हस्व-दीर्घाला आहे. ‘पिता’ शब्दातले लांब अक्षर ‘ता’, परंतु चालीचा जोर पहिल्या अक्षरावर पडला की ‘पीत’ असेच काहीतरी ऐकू येते. गाणारा भक्तिभावाने गातो आणि ऐकणाऱ्याला अर्थच लागत नाही. शिवाय चार आवाजांत एकाच वेळी चार निरनिराळ्या सुरांनी गाणे ही ज्यांना लहानपणापासून सवय नाही, त्यांच्या तोंडी ती रचना पोरकी वाटे. ही अडचण दूर करणारा माणूस मिशनच्या शाळेतून आला नाही. तो आला नाशिकच्या संस्कृत पाठशाळेच्या संस्कारातून.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, गाव करजगाव. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने अत्यंत कडक. आई जानकीबाई मात्र मायाळू, भजन-ओव्यांची गोडी असलेली. मुलाला काव्याची आवड लागली ती आईमुळे. ती माउली तो अकरा-बारा वर्षांचा असतानाच गेली आणि घरात त्याला आपले म्हणावे असे कुणी उरले नाही. मुलगा घर सोडून नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांनी त्याला संस्कृत शिकवले. इंग्रजी शाळेत तो जेमतेम दोन वर्षे टिकला. पुढचे सारे त्याने स्वतःच्या बळावर मिळवले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका ही त्याची बायको झाली. लग्नाच्या वेळी ती अकरा-बारा वर्षांची. ह्याच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

त्यांचा संसार म्हणजे वाऱ्यावरची वरात होती. आज या गावी शिक्षक, उद्या त्या गावी कीर्तन-पुराण, परवा आणखी कुठे. हातात पैसा आला की तो घरी पोहोचेलच असे नाही. वाटेत कुणी गरजू भेटला तर त्याचा झाला. लक्ष्मीबाईंनी हे सारे इतक्या हसत-खेळत लिहून ठेवले आहे की वाचताना आपल्याला त्यामागची उपासमार चटकन जाणवत नाही. नागपूरला श्रीमंत बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले, ‘ऋषी’ नावाचे मासिक चालवले, धर्मावर लिहिले, वादविवाद केले. जातिभेद, कर्मकांड आणि देशाची दैन्यावस्था यांनी त्यांचे मन अस्वस्थ होते. आपणच एक नवा धर्म सांगावा, असेही त्यांच्या मनात येई.

१८९३ च्या सुमारास पुण्यात लोकमान्य सार्वजनिक गणेशोत्सवाची घडी बसवीत होते. त्याच वर्षी हे दुसरे टिळक नोकरीच्या निमित्ताने नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. कवितेवरून बोलणे निघाले आणि ते धर्मावर गेले. उतरताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना पुस्तकाचे बाह्यरूप आवडले नाही, पण शब्द दिला होता म्हणून वाचायला घेतले. मत्तयाच्या शुभवर्तमानातले डोंगरावरचे प्रवचन आले आणि ते तेथेच थांबले. पुढची दीड-दोन वर्षे झगड्यात गेली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या एका दिवसाची किंमत घरातल्या सर्वांनी मोजली. लक्ष्मीबाईंच्या माहेरी-सासरी आकांत झाला. पदरात तीन-चार वर्षांचा दत्तू. नवरा जिवंत आहे, प्रेमाची पत्रे पाठवतो आहे, पण त्याच्या हातचे पाणीही चालत नाही, अशी ती अवस्था. बहिणीच्या आधाराने त्या पंढरपूरला राहिल्या. दुःखाने आजारी पडल्या. तेथेच त्यांना स्वतःला काव्य सुचू लागले. साक्षर होण्यापुरते शिक्षणही ज्यांना धड मिळाले नव्हते, त्या बाईच्या ओठी विरहातून ओळी आल्या. चार-साडेचार वर्षांनी त्या नवऱ्याकडे नगरला आल्या, तरी लगेच धर्म बदलला नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे वेगळे. टिळकांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. ती आपल्या पायांनी, आपल्या वेळी आली. जातिभेद हा माणसाने केला की देवाने, हा प्रश्न तिने स्वतःच स्वतःला विचारला, सोवळे सोडले आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. या दोघांच्या संसाराकडे पाहताना आपण धर्माच्या बाजूने पाहतो, की माणसांच्या बाजूने, यावर बरेच अवलंबून आहे. माणसांच्या बाजूने पाहिले तर दोघांचीही उंची डोळ्यांत भरते.

नगरला टिळक मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवू लागले. १९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. दुष्काळ आणि प्लेग यांनी त्या वर्षांत महाराष्ट्राला झोडपून काढले होते. टिळकांच्या घरात अनाथ पोरांची रीघ लागलेली असे. पण चर्चमध्ये गेल्यावर त्यांचा कान दुखावे. ज्याने तुकोबा-ज्ञानोबांच्या अभंगांवर पोसलेले मन घेऊन ख्रिस्ताकडे वाट काढली, त्याला परक्या चालीत आखडलेले मराठी शब्द कसे सोसावेत? आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून, अशी त्यांची धारणा होती. मग तो पूल ओलांडून झाल्यावर मोडायचा कशासाठी?

म्हणून त्यांनी अभंग लिहिले. अभंगाचा साचा आपल्याला ठाऊक आहे: सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरे, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक. शेवटच्या चार अक्षरांत एक विसावा मिळतो आणि तेवढ्यात टाळ वाजतो. हा साचा पाठ करायला सोपा, लिहितावाचता न येणाऱ्यालाही पेलणारा. नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून जे ख्रिस्ती झाले होते, त्यांतले बहुतेक गावकुसाबाहेरचे लोक होते. भजन त्यांच्या रक्तात होते, छापील स्वरलेखन नव्हते. टिळकांची पदे त्यांनी एका बैठकीत उचलली. पदे, आरत्या, अभंग, श्लोक, असे नाना प्रकार त्यांनी हाताळले. कीर्तनाचे साधनही त्यांनी वापरले. नगरला कृष्णराव सांगळे यांनी त्यांच्या आधीच ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता. पूर्वरंग-उत्तररंग, टाळ, मृदंग, सारे आपल्यासारखेच, आख्यान मात्र बायबलातले. टिळकांनी त्या कीर्तनाला खऱ्या कवीची भाषा दिली. पुढे लक्ष्मीबाईही कीर्तने रचू आणि करू लागल्या.

मराठी चर्चमध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘उपासनासंगीत’ या संग्रहात सुमारे सातशे गीतांपैकी अडीचशेच्या वर एकट्या टिळकांची होती, एवढे सांगितले म्हणजे त्यांच्या कामाचा आवाका कळेल. इंग्रजी चालीची गाणी तेथून नाहीशी झाली, असे नव्हे. ती आजही गायली जातात, आणि ज्यांना लहानपणापासून ती प्रिय आहेत त्यांनी ती का सोडावीत? पण त्यांच्या शेजारी आता पेटी-तबल्यावरचे अभंग सन्मानाने बसले. टिळकांची ही पदे पाठांतर आणि छापील पुस्तक या दोन वाटांनी गावोगाव गेली. आईने म्हटलेले लेकीने उचलायचे, ही आपली जुनीच रीत तेथेही चालली.

आपल्या बडोद्याला हा प्रश्न अपरिचित नाही. १८८६ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी येथे गायनशाळा सुरू केली, तेव्हा हिंदुस्थानी संगीत कागदावर कसे उतरवावे, विलायती पद्धत घ्यावी की आपली घडवावी, याच विचारातून त्यांनी स्वतःचे स्वरलेखन तयार केले. नवे ज्ञान घ्यायचे, पण गाणे आपले राहिले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी. नगरचा पाळक आणि बडोद्याचा खाँसाहेब यांची वाट वेगळी, धर्म वेगळा. पण दोघांच्या कामाच्या मुळाशी एकच काळजी होती.

बडोद्याशी जुळणारा आणखी एक धागा आहे. १९०७ साली जळगावला पहिले कविसंमेलन भरले. त्यामागे टिळकांची खटपट मोठी होती. तेथे एका सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हणून सभा जिंकली. अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ म्हटले आणि त्र्यंबक बापूजी ठोमरे हे नाव मागे पडले. हेच कीर्तिकर दोन वर्षांनी, १९०९ मध्ये, बडोद्याच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. टिळकांनी त्या पोराला नगरला आपल्या घरी आणले, लेकरासारखे वागवले. घर ख्रिस्ती, पाहुणा ब्राह्मण, वेळ १९०७ नंतरची. पण या घरात बालकवी रुसले, हसले आणि लिहिते राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्या रुसव्याफुगव्यांचे जे वर्णन केले आहे, ते वाचून डोळे भरून येतात, कारण १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून हा कवी गेला. त्यानंतर वर्षभरानेच टिळकही गेले.

१९०९ च्या सुमारास टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले. ख्रिस्ताचा जन्म ते अंत, सारे चरित्र जुन्या मराठी आख्यानकाव्याच्या धर्तीवर सांगायचे. विलायतेत नाताळची कथा कॅरोलमधून गायली जाते, तशी आपल्या माणसाला ती रामायण-भारताच्या वळणाने का सांगू नये, हा त्यामागचा विचार. दहा-अकरा अध्यायांपर्यंत काम आले आणि थांबले. पत्र, व्याख्यान, पाहुणा, अनाथ मूल, ‘ज्ञानोदया’चे संपादन, यांतून वेळ काढायचा कुठून? हे काम पुढे लक्ष्मीबाईंनी केले. ज्या बाईला नवऱ्याने अक्षर ओळखायला लावले, तिने नवऱ्याचे महाकाव्य साठाहून अधिक अध्याय लिहून तडीस नेले. १९३८ साली ते छापून निघाले, तेव्हा त्याही राहिल्या नव्हत्या.

शेवटच्या वर्षांत टिळकांना मिशनची चौकटही अपुरी वाटू लागली. हिंदी ख्रिस्ती माणसाने परदेशी मंडळाच्या पगारावर आणि परदेशी वळणावर जगू नये, असे त्यांना तीव्रतेने वाटत होते. १९१७ मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या कुणालाही तेथे बसायला जागा होती. मिशनमधल्या काही मंडळींना हे रुचले नाही. हिंदू समाजाने त्यांना परके केले होते. आता ज्यांच्यासाठी घर सोडले त्यांतले काहीही साशंकपणे पाहू लागले. दोन्हीकडून रिकामे राहण्याची ही जोखीम त्यांनी समजून-उमजून पत्करली. प्रकृती मात्र साथ देईना. ९ मे १९१९ रोजी मुंबईत जे. जे. रुग्णालयात त्यांनी देह ठेवला. त्यांची शेवटची अभंगरचना ‘अभंगांजली’ या नावाने त्यांच्या मागे प्रसिद्ध झाली.

पुढची एक गोष्ट सांगायलाच हवी. पुण्यात निकोल मॅक्निकल नावाचे स्कॉटिश मिशनरी होते. आपल्या संतांच्या अभंगांचे त्यांनी इंग्रजीत भाषांतर केले, तसे टिळकांच्या काही गीतांचेही केले. त्यांतले एक गीत इंग्रजी स्तोत्रसंग्रहांत गेले आणि इंग्रजी चर्चमधून, इंग्रजी चालीत, गायकवृंद ते म्हणू लागले. शंभर वर्षांपूर्वी इंग्रजी स्तोत्रे जहाजातून येऊन मराठीत अडखळत होती; आता नगरच्या मराठी पाळकाची रचना उलट वाटेने गेली. हा उलटा प्रवास शक्य झाला, कारण टिळकांनी नक्कल केली नव्हती. नकलेचे पुन्हा भाषांतर करून ते मूळ घरी पाठवायची गरज कुणाला भासणार?

बडोद्याच्या मराठी घरांना टिळकांची ही गोष्ट जवळची वाटेल, असे मला वाटते. आपण पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेत आहोत. बाजारात, कचेरीत, शेजारी गुजराती बोलतो आणि ती भाषाही आता आपलीच झाली आहे. मुलांची शाळा इंग्रजी, नातवंडे परदेशी. तरीही मांडवात आरती सुरू झाली की चौथ्या पिढीतले पोरगे, ज्याला मराठी वाचायला कष्ट पडतात, तेही टाळ्या वाजवत शेवटच्या कडव्यापर्यंत चुकता न चुकता पोहोचते. वाचन सुटते, बोलणे पातळ होते, आणि गाणे मात्र टिकते. टिळकांना हे पक्के ठाऊक होते. माणसाने देव बदलला, गाव बदलले, पंगत बदलली, तरी त्याची प्रार्थना त्याच्या आईच्या सुरात झाली पाहिजे, यासाठी त्यांनी आयुष्य वेचले.

यंदा आरतीनंतर मंडळाच्या ग्रंथालयातून ‘स्मृतिचित्रे’ घरी न्यावे. ज्यांनी वाचले आहे त्यांनी मुलांना मोठ्याने वाचून दाखवावे. आणि नाताळात फतेगंजाकडून जाताना एखाद्या खिडकीतून पेटी-तबल्यावरचा मराठी अभंग कानी आला, तर दोन मिनिटे थांबून ऐकावा. तो बहुधा आपल्या दुसऱ्या टिळकांचा असेल.